निमा पारखाची दहा कलमे : मुंबईच्या ‘गुंतवणूकदार व्हिसा’ची साडेतीनशे वर्षे

१/
अंधेरीहून घाटकोपरकडे जाणाऱ्या मेट्रोत बसले की वाटेत मरोळ नाका आणि असल्फा ही स्थानके लागतात. मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रो घेतली, तर एका दिशेला सीप्झ आणि दुसऱ्या दिशेला सहार रोड. मरोळ, असल्फे आणि सहार ही तिन्ही नावे १८०८ सालच्या एकाच व्यवहारात एकत्र आली होती. मुंबईने सुरतेहून बोलावून आणलेल्या एका घराण्याच्या ताब्यात ही गावे त्या वर्षी गेली. आजचा धागा या बोलावण्याच्या इतिहासाचा आहे.

२/
परदेशी उद्योजकाने आपल्या शहरात पैसा आणावा, व्यवसाय थाटावा, आणि त्या बदल्यात त्याला राहण्याचा हक्क मिळावा, या व्यवस्थेला आज ‘इन्व्हेस्टर व्हिसा’ म्हणतात. अनेक देश तो देतात. भारतानेही २०१६ मध्ये तशी योजना आणली. कल्पना अगदी आधुनिक वाटते. परंतु व्हिसा हा शब्दही आपल्याकडे ठाऊक नव्हता, त्या काळात मुंबईने असा करार केला होता. त्याची कलमे आजही वाचायला मिळतात. #धागा #मुंबईचाइतिहास

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. १६६१ च्या विवाहतहाने पोर्तुगालने मुंबई बेट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला दिले. प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ उजाडले. राजाला हे दूरचे बेट परवडेना. १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला अवघ्या दहा पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केले. कंपनीच्या हाती आले ते एक उत्तम बंदर, नारळाच्या वाड्या, भातखाचरे, कोळीवाडे आणि खाजणे. मोठा व्यापारी वर्ग मात्र जवळजवळ नव्हताच.

४/
येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्याला आपण आज उपनगर म्हणतो, ते अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हे सारे तेव्हा मुंबईत नव्हते. तो साष्टी बेटाचा मुलूख, आणि तो पोर्तुगिजांकडेच राहिला. माहीमची खाडी ही दोन राजवटींमधली सीमा होती. ठाणे आणि करंजा येथे पोर्तुगीज जकात घेत. त्यामुळे मुंबईहून मुख्य भूमीकडे जाणारा माल बेटाबाहेर पडताच कराच्या कचाट्यात सापडे. अशा जागी व्यापाऱ्याने आपणहून यावे तरी का?

५/
हा प्रश्न ज्याच्यापुढे उभा राहिला, तो जेराल्ड ऑन्जिए. १६६९ ते १६७७ या काळात तो सुरतेच्या वखारीचा प्रमुख आणि मुंबईचा गव्हर्नर होता. तटबंदी, न्यायालय, टांकसाळ या गोष्टी त्याने उभ्या केल्या. परंतु शहर चालते ते हुंडी वटवणाऱ्या सराफावर, माल उचलणाऱ्या दलालावर आणि जहाज भाड्याने घेणाऱ्या शेटजीवर. ही सारी माणसे होती सुरतेत, दीवला, खंबायतला. त्यांना आणायचे कसे?

६/
परिस्थितीने ऑन्जिएला हात दिला. मुघलांचे सर्वांत श्रीमंत बंदर सुरत. शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेवर छापा घातला. बादशाही बंदर आपल्या पेठेचे रक्षण करू शकत नाही, हे व्यापाऱ्यांनी सहा वर्षांत दोनदा पाहिले. स्वराज्याच्या इतिहासात या मोहिमांचे वर्णन आपण नेहमी वाचतो. त्यांचा मुंबईच्या वाढीला लागलेला हातभार मात्र क्वचित सांगितला जातो.

७/
दोन छाप्यांच्या मधली एक घटना त्याहून बोलकी आहे. सप्टेंबर १६६९ मध्ये सुरतेच्या काझीने चालवलेल्या धर्मांतराच्या सक्तीला कंटाळून सुमारे आठ हजार बनिये शहर सोडून भडोचकडे निघून गेले. निघण्यापूर्वी त्यांच्यातील प्रमुखांनी ऑन्जिएकडे चौकशी केली होती : आम्ही मुंबईला आलो तर आसरा द्याल का? ऑन्जिएला ते हवेच होते. पण उघडपणे हो म्हटले असते, तर औरंगजेबाचा रोष कंपनीच्या सुरतेतील वखारीवर ओढवला असता. त्याने सबुरीचा सल्ला दिला. सुरतेचा व्यापार मात्र त्या काळात ठप्प झाला.

८/
बनियांच्या या बहिष्कारातून भांडवल ही पाय असलेली वस्तू आहे, हे साऱ्यांना कळले. व्यापारी उठून जाऊ शकतो. आणि तो गेला की जकात, बाजार आणि टांकसाळ सारेच थंडावते. १६७१ मध्ये सुरतेच्या बनिया महाजनाने मुंबईत येण्यापूर्वी काही सवलतींची हमी मागितली. मागणी व्यक्तीची नव्हती, संघटित समाजाची होती. कंपनीच्या लंडनमधील संचालकांनीही या धोरणाला अनुकूलता दाखवली.

९/
आता दीवकडे वळू. दीव पोर्तुगिजांच्या ताब्यात होते. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते, आणि पोर्तुगीज अमलातल्या हिंदूंना सर्वांत मोठी धास्ती होती ती अनाथ मुलांविषयीच्या कायद्याची. बाप वारला की पोरके मूल ख्रिस्ती धर्मात नेले जाण्याची भीती. गलबते आणि वखारी असलेल्या माणसालाही आपल्या पश्चात आपले मूल आपल्या घरात राहील, याची शाश्वती नसे. ही भीती लक्षात घेतली, म्हणजे पुढच्या कराराची भाषा उमगते.

१०/
मार्च १६७७. दीवचा बनिया व्यापारी निमा पारख याने कंपनीपुढे आपल्या अटी मांडल्या. मी मुंबईत येऊन व्यापार करीन. परंतु अमुक गोष्टी कंपनीच्या मोहरेनिशी लिहून द्या. एकूण दहा कलमे. एका परक्या राज्यातील व्यापारी दुसऱ्या राज्याच्या शहरात स्थायिक होण्यासाठी लेखी शर्ती घालतो आहे, असा हा प्रसंग. ही कलमे आपण थोडक्यात पाहू.

११/
पहिले कलम जमिनीचे. शहरात किंवा शहरालगत घर आणि वखार बांधण्यापुरती जागा विनाभाडे मिळावी.

दुसरे कलम सर्वांत लांब, आणि ते धर्माचे. आपल्या घरात आपला धर्म निर्वेधपणे पाळता यावा. आमच्या आवारात परधर्मीयाने राहू नये, तेथे कोणत्याही जिवाची हत्या करू नये. मृतांचे दहन आपल्या रीतीने करता यावे, लग्ने आपल्या विधींनी लावता यावीत. कोणत्याही वयाच्या स्त्रीपुरुषावर ख्रिस्ती होण्याची सक्ती होऊ नये. आणि कोणाकडूनही इच्छेविरुद्ध ओझी वाहून घेऊ नयेत, म्हणजेच वेठ नको.

१२/
तिसरे कलम : पहाऱ्याच्या कामातून सुटका, आणि कंपनीने किंवा तिच्या अधिकाऱ्यांनी कोणत्याही सबबीखाली जबरदस्तीने कर्ज मागू नये. त्या काळातील व्यापाऱ्याला दरोडेखोराइतकीच भीती ‘कर्ज’ मागणाऱ्या सुभेदाराची वाटे. कारण असे कर्ज परत येण्याची खात्री नसे. राज्यकर्त्याने हात आखडता ठेवावा, हे येथे लिहून घेतले जात होते.

१३/
चौथे कलम न्यायाचे. कोणाशी तंटा झाला, तर आधी सूचना दिल्याशिवाय चारचौघांत अटक करू नये, बेअब्रू करू नये, तुरुंगात नेऊ नये. दोन बनियांमधील वाद त्यांच्या जातीनेच मिटवावा, कचेरीत खेचू नये. हुंडीचा सारा व्यवहार पत ओळखणाऱ्या लोकांच्या विश्वासावर चाले. भर रस्त्यात झालेली अटक म्हणजे त्या पतीवरच घाव. म्हणून अब्रूचे कलम हे व्यापाराचेच कलम होते.

१४/
पाचवे, सहावे आणि सातवे कलम निव्वळ व्यापारी आहेत. स्वतःच्या जहाजांनी वाटेल त्या बंदरी ये-जा करावी, त्यासाठी फक्त आधी वर्दी देऊन संमती घ्यावी. नांगर टाकण्याचा कर लागू नये. आणलेला माल बारा महिन्यांत खपला नाही, तर निर्यातीची जकात न भरता तो दुसरीकडे नेता यावा. ऋणको बुडाला आणि त्याच्याकडे इतर बनियांचेही येणे असेल, तर निमा पारखाचे येणे आधी फिटावे. जोखीम कोठे आहे हे नेमके जाणणाऱ्या माणसाची ही मागणी.

१५/
आठवे कलम : युद्ध किंवा अन्य संकट आले, तर माल, खजिना आणि कुटुंब सुरक्षित ठेवण्यासाठी किल्ल्यात वखार मिळावी.

नववे कलम मानमरातबाचे. गव्हर्नराच्या भेटीला जाता यावे, तेथे आदराने वागवले जावे, आपल्या योग्यतेनुसार बसायला मिळावे. घोडा, गाडी, पालखी आणि छत्री वापरता यावी. नोकरांनी तलवार-कट्यार बाळगावी. बाहेरगावाहून भेटीस येणाऱ्या नातलगांनाही सन्मानाने वागवावे.

दहावे कलम : नारळ, सुपारी, विड्याची पाने आणि मक्त्याने न दिलेला इतर कोणताही माल यांची खुली खरेदी-विक्री.

१६/
सरकारी कचेरीत ‘बसायला मिळावे’ ही अट आज वाचताना हसू येते. पण सरकारी परवान्यासाठी तासन्‌तास उभ्या राहिलेल्या कोणालाही त्यातले मर्म कळेल. पालखी आणि छत्री ही त्या काळात दर्जाची चिन्हे होती. ती कोणी वापरावी यावर राजवटींची बंधने असत. निमा पारख नफ्याइतकीच प्रतिष्ठा मागत होता, कारण बाजारात दोन्ही एकमेकांवर अवलंबून असतात.

१७/
या मागण्यांवर मुंबईतील कौन्सिलने दिलेला अभिप्राय मार्मिक आहे. त्याचा आशय असा : यांतील बहुतेक गोष्टी द्यायला सोप्या आहेत, कारण त्या येथे राहणाऱ्यांना आम्ही देतच आहोत. जागा मोकळी आहे, धर्मात कोणी हात घालत नाही. तंबाखूसारख्या मक्त्याच्या मालाचा तेवढा अपवाद. मग प्रश्न उरतो : जे सर्वांनाच मिळत होते, ते निमा पारखाला मोहरेनिशी का हवे होते?

१८/
कारण रिवाज गव्हर्नराबरोबर बदलतो. आजचा अधिकारी उदार असेल. उद्याचा कसा निघेल, कोणी सांगावे? ऑन्जिए या करारानंतर तीनच महिन्यांनी, जून १६७७ मध्ये सुरतेत मरण पावला. त्याची सहिष्णुता त्याच्याबरोबर संपली असती, तर व्यापाऱ्याने दाद कोणाकडे मागायची? निमा पारखाने व्यक्तीच्या मर्जीवर न विसंबता संस्थेचा शब्द मागितला. परक्या शहरात भांडवल घेऊन जाणाऱ्याला आजही हेच हवे असते : नियम उद्याही तोच राहील, याची खात्री.

१९/
हे केवळ मुंबईतच घडत होते असे नाही. इटलीतील लिव्होर्नो हे बंदर वसवण्यासाठी मेदिची घराण्याच्या फर्डिनांड पहिला याने १५९० च्या दशकात देशोदेशीच्या व्यापाऱ्यांना, विशेषतः ज्यूंना, धर्मस्वातंत्र्याची आणि करसवलतींची सनद दिली. १६८५ मध्ये ब्रान्डेनबुर्गने फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्युगेनो कारागिरांना पॉट्सडॅमच्या आज्ञापत्राने बोलावून घेतले. सतराव्या शतकात एका राज्याची धार्मिक सक्ती ही दुसऱ्या राज्याची संधी ठरत होती. मुंबई त्याच मालिकेतली.

२०/
कंपनीनेही हा प्रयोग पुढे नेला. जून १६८८ मध्ये लंडनमध्ये तिने खोजा फानूस कलंदर यांच्याशी आर्मेनियन समाजाच्या वतीने करार केला. कंपनीच्या वसाहतींमध्ये आर्मेनियनांना इंग्रजांच्या बरोबरीने राहण्याचा व व्यापाराचा हक्क मिळाला. जेथे चाळीस किंवा अधिक आर्मेनियन स्थायिक होतील, तेथे कंपनी त्यांना लाकडी चर्च बांधून देईल आणि सात वर्षे धर्मगुरूला वार्षिक ५० पौंड देईल, असेही ठरले. संख्येची अट घालून दिलेली ही सवलत आजच्या योजनांच्या अगदी जवळ जाते.

२१/
आमंत्रणांचा परिणाम झाला का? इंग्रजांकडे आली तेव्हा मुंबईची वस्ती दहा हजारांच्या आसपास मानली जाते. १६७० च्या दशकात येथे आलेल्या जॉन फ्रायर या डॉक्टरने ती साठ हजार असल्याचे लिहिले. परंतु १६८९-९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने बेटावर चढाई करून किल्ल्याला वेढा दिला. पाठोपाठ रोगराई आली. पुढे १७१५ च्या सुमारास रिचर्ड कॉब या पाद्र्याचा अंदाज अवघा सोळा हजारांचा होता. सनद देऊन माणूस आणता येतो. त्याला टिकवायला तट आणि आरोग्य लागते. आठव्या कलमातील किल्ल्यातली वखार निमा पारखाने उगाच मागितली नव्हती.

२२/
अठराव्या शतकात बोलावणे पुन्हा सुरू झाले. १७३६ मध्ये कंपनीने सुरतेचा पारशी जहाजबांधणीकार लवजी नसरवानजी वाडिया याला काही सुतारांसह मुंबईला आणले. गोदी उभी राहिली, आणि पुढील शंभरहून अधिक वर्षे वाडिया घराण्याने तेथे जहाजे बांधली. लवजी पैसा घेऊन आला नव्हता. तो कसब घेऊन आला होता. आजच्या भाषेत, गुंतवणूकदारापाठोपाठ मुंबईने तंत्रज्ञालाही परवाना दिला.

२३/
दरम्यान खाडीपलीकडे राज्य बदलत होते. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी साष्टी आणि वसई पोर्तुगिजांकडून जिंकली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गव्हर्नर जोनाथन डंकनच्या कारकिर्दीत शीवचा बांध पूर्ण झाला. मुंबई आणि आजचे उपनगर प्रथमच जमिनीने जोडले गेले.

२४/
निमा पारखाच्या वेळी देण्यासारखी जागा तटाच्या आसपास होती. आता कंपनीकडे साष्टीतील गावेच्या गावे होती. लागवड वाढावी, उत्पन्न वाढावे, म्हणून ती मोठ्या भांडवलदारांना देण्याचे धोरण आले. पवईची जहागीर आधी डॉ. हेलेनस स्कॉट या स्कॉटिश डॉक्टरकडे होती. १८२९ मध्ये ती फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे आली. त्यांनी विहिरी खोदल्या, ऊस, नीळ आणि तुती लावली, आमराया वाढवल्या. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८३० मध्ये या प्रयोगाची प्रशंसा केली. १८३८ मध्ये फ्रामजींनी आपल्या बागेतले आंबे राणी व्हिक्टोरियाला धाडले.

२५/
आणि आता धाग्याच्या आरंभी उल्लेखिलेले १८०८ साल. लवजींच्या घराण्यातील होरमसजी बमनजी वाडिया यांची मुंबईच्या कोटात अपोलो दरवाजाजवळ जागा होती. कंपनीने ती घेतली आणि मोबदल्यात साष्टीतील सात गावे दिली : कुर्ला, मोहिली, कोळेकल्याण, मरोळ, सहार, असल्फे आणि परजापूर. सुरतेहून आलेल्या सुताराचा वंशज सात गावांचा धनी झाला. मुंबईच्या आमंत्रणाची याहून मोठी यशोगाथा शोधून सापडायची नाही.

२६/
पण हाच व्यवहार गावाच्या बाजूने पाहिला तर? मरोळ, सहार, असल्फे येथे कुणबी, कोळी, आगरी आणि आज ईस्ट इंडियन म्हणून ओळखला जाणारा ख्रिस्ती समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता. करार कंपनी आणि वाडिया यांच्यात झाला. भाताची रोपे लावणारा शेतकरी त्यात कोठेच नव्हता. एके दिवशी त्याचा सारा घेणारा बदलला, एवढेच. निमा पारखाने ज्या हमीसाठी मोहर मागितली, ती मागण्याची संधी या गावकऱ्यांना कोणी दिली नाही. ते आलेले नव्हते, आधीपासूनच होते. म्हणून त्यांना बोलावण्याची गरजही नव्हती.

२७/
एकोणिसाव्या शतकातला सर्वांत प्रसिद्ध परदेशी उद्योजक म्हणजे डेव्हिड ससून. बगदादचा हा ज्यू व्यापारी तेथील जाचाला कंटाळून इराणच्या बुशहर बंदरामार्गे १८३२ मध्ये मुंबईत आला. त्याच्या हाती व्हिसा नव्हता, कारण तशी पद्धतच नव्हती. ब्रिटिश प्रजाजन तो १८५३ मध्ये झाला. तोवर त्याची पेढी मुंबईत भक्कम उभी होती. या श्रीमंतीत चीनकडे जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा होता, हेही सांगितले पाहिजे. भांडवल कोठून येते हा प्रश्न शहराने तेव्हा विचारला नाही.

२८/
मग दार कधी आले? परदेशीयांविषयीचा कायदा १८६४ मध्ये झाला. पहिल्या महायुद्धानंतर जगभर पासपोर्ट सक्तीचे झाले आणि भारतातही १९२० मध्ये प्रवेशासाठी पासपोर्टचा कायदा आला. १९३९ मध्ये परदेशीयांची नोंदणी, १९४६ मध्ये फॉरेनर्स अ‍ॅक्ट. स्वतंत्र भारताने ही चौकट जवळपास तशीच चालवली; २०२५ मध्ये नव्या कायद्याने ती बदलली. म्हणजे व्यापाऱ्याला बोलावण्याची रीत साडेतीनशे वर्षांची, आणि त्याला सीमेवर अडवून कागद पाहण्याची रीत जेमतेम शंभर वर्षांची.

२९/
साष्टीतील या जुन्या जहागिरींना मिळणारी महसूलमाफी १९५१ च्या साष्टी इस्टेट्‌स कायद्याने रद्द झाली. पडीक जमिनी कोणाच्या, सरकारच्या की जहागीरदारांच्या, यावरचे खटले पुढे अनेक दशके चालले. तोवर उपनगर मुंबईच्या हद्दीत आले होते. मरोळच्या भातशेतीवर औद्योगिक वसाहत उभी राहत होती, आणि सहारची जमीन विमानतळाच्या विस्तारात जात होती.

३०/
१९७३ मध्ये मरोळच्या या औद्योगिक पट्ट्यात सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन, म्हणजेच आपले सीप्झ, सुरू झाले. त्याच वर्षी संसदेने ‘फेरा’ हा परकी चलनाचा कडक कायदा केला, ज्याने देशातील परकी कंपन्यांची मालकी साधारणपणे ४० टक्क्यांवर आणली. कोका-कोला १९७७ मध्ये आणि आयबीएम त्यानंतर वर्षभरात भारतातून गेली. त्याच सुमारास अंधेरीच्या कुंपणाआड निर्यातीसाठी परकी भागीदार चालत होता. बरोज या अमेरिकी कंपनीबरोबरची टाटा बरोज येथूनच सॉफ्टवेअर पाठवू लागली. देशाचे दार आवळले जात असताना ही एक खिडकी उघडी होती. करमाफी, जागा आणि कुंपणाचे संरक्षण : निमा पारखाला ही भाषा ओळखीची वाटली असती.

३१/
याच कुंपणाच्या आत एक पडके चर्च आहे. मरोळला लागून असलेल्या कोंडिविटे गावात जेझुइटांनी सोळाव्या शतकात बांधलेले सेंट जॉन द बॅप्टिस्टचे चर्च. १८४० च्या सुमारास साथीमुळे गावकऱ्यांनी ती जागा सोडली आणि ते मरोळला गेले. तेथे नवे चर्च उभे राहिले. सीप्झ झाल्यावर जुने चर्च प्रतिबंधित क्षेत्रात अडकले. आता वर्षातून एकदा, मे महिन्यात, आसपासचे ईस्ट इंडियन तेथे जमून प्रार्थना करतात. एरवी आत जायला परवानगी लागते. ज्यांच्या पूर्वजांनी तेथे बाप्तिस्मा घेतला, त्यांना आपल्याच गावात प्रवेशपत्र हवे.

३२/
शेवटचा टप्पा. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने परदेशी गुंतवणूकदारांसाठी कायम निवासाच्या दर्जाची योजना मंजूर केली. १८ महिन्यांत किमान १० कोटी रुपये किंवा ३६ महिन्यांत किमान २५ कोटी रुपये गुंतवायचे. त्यातून दर आर्थिक वर्षी किमान २० भारतीय रहिवाशांना रोजगार मिळाला पाहिजे. असे केल्यास १० वर्षांचा निवासाचा दर्जा, आणि तो आणखी १० वर्षे वाढवण्याची सोय. राहण्यासाठी एक घर विकत घेता येते. जोडीदाराला व अवलंबितांना नोकरी किंवा शिक्षण घेता येते.

३३/
दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. घर, कुटुंब, ये-जा आणि मुदत या गोष्टी दोन्हीकडे आहेत. मोठा फरक एकच : १६७७ मध्ये अटी व्यापाऱ्याने लिहिल्या आणि सरकारने होकार दिला, २०१६ मध्ये अटी सरकारने लिहिल्या आणि व्यापाऱ्याने पूर्ण करायच्या. तेव्हा गरज शहराला होती. आज मुंबईच्या बाजारपेठेची ओढ परदेशी माणसाला आहे, म्हणून लेखणी सरकारच्या हाती आहे. अशा कोणत्याही करारात पहिली अट कोण घालतो ते पाहावे. कोणाला कोणाची गरज आहे ते तेथेच कळते.

३४/
आणखी एक फरक नोंदवण्याजोगा आहे. २०१६ च्या योजनेत २० स्थानिकांच्या रोजगाराची अट आहे. निमा पारखाच्या दहा कलमांत किंवा १८०८ च्या अदलाबदलीत ‘येथे आधीपासून राहणाऱ्यांना काय मिळणार’ असा प्रश्नच नव्हता. त्या अर्थाने ही वीस माणसांची अट म्हणजे एका जुन्या उणिवेची उशिराची दखल आहे. ती पुरेशी आहे की नाही, यावर वाद होऊ शकतो. पण जागा देताना ती जागा ज्यांची होती त्यांचे काय, याचे उत्तर त्याही कागदात नाही.

३५/
आज परदेशी उद्योजक मुंबईत विमानाने उतरतो. इमिग्रेशनच्या खिडकीपाशी त्याच्या पासपोर्टवर शिक्का बसतो. ते टर्मिनल उभे आहे सहारला, १८०८ मध्ये दिल्या गेलेल्या सात गावांपैकी एका गावी. विमानतळाच्या भिंतीपासून थोड्याच अंतरावर सहारचे गावठाण अजून आहे : क्रूस, जुनी घरे, अरुंद गल्ल्या. तेथल्या कुटुंबांनी पोर्तुगीज, मराठे, कंपनी, वाडिया आणि विमानतळ हे सारे धनी पाहिले आहेत.

३६/
मुंबई बाहेरून आलेल्यांनी घडवली, हे खरेच आहे. निमा पारख, लवजी आणि ससून त्याची साक्ष देतात. त्यांना दिलेला शब्द कागदावर आला, जपला गेला, म्हणून आज आपण तो वाचू शकतो. मरोळ, असल्फे आणि सहारच्या शेतकऱ्याला दिलेला शब्द शोधू जाल, तर हाती येतात ती मुख्यतः गावांची नावे. पुढच्या वेळी मेट्रोत ती नावे ऐकू आली, तर दस्तातले हे दोन्ही पक्ष आठवावेत.

तुमच्या स्थानकाच्या नावामागे कोणते गाव आहे? घरातल्या जुन्या सातबाऱ्यावर, आजीच्या बोलण्यात किंवा गावठाणातल्या एखाद्या पाटीवर त्याची खूण सापडली, तर खाली जरूर लिहा. धागा समाप्त.